भिवंडीतील कामगार प्रशिक्षण आणि नवे तंत्रज्ञान

भिवंडी हे महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील यंत्रमाग व गोदाम व्यवसायाचे मोठे केंद्र आहे. या दोन व्यवसायांतील कामगारांना काम शिकवणे, शिकलेल्याची उजळणी घेणे, त्यांचे कौशल्य तपासणे आणि त्याची नोंद ठेवणे यांसाठी एकविसाव्या शतकात अनेक अंकीय साधने उपलब्ध झाली. हातातील स्कॅनरवरून मिळणाऱ्या सूचना, मोबाइलवरील लहान धडे, आभासी वास्तवावर आधारित सिम्युलेटर, भाषांतर व वाणी ओळखणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आणि अंकीय प्रमाणपत्रे ही त्यांपैकी प्रमुख होत.

भिवंडीत ही साधने सर्वत्र सारख्या गतीने पोहोचलेली नाहीत. गोदामात काम आणि काम शिकवणारी प्रणाली एकाच वेळी आल्या. यंत्रमागावर मात्र शिक्षण बव्हंशी अनुभवी कामगाराच्या शेजारी उभे राहूनच होते. यामागे यंत्रांच्या किमतीइतकेच मजुरीची पद्धत, कामगारांचे स्थलांतर आणि भाषा हे घटकही आहेत.

## पार्श्वभूमी

### यंत्रमाग

भिवंडीत हातमागावरील विणकामाची परंपरा जुनी आहे. उत्तर भारतातून आलेल्या मुस्लिम विणकरांनी आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाने येथील वस्त्रव्यवसाय वाढवला. विसाव्या शतकात हातमागांची जागा विजेवर चालणाऱ्या मागांनी घेतली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्या काळात व त्यानंतर गिरण्यांचे कापड विणण्याचे काम मोठ्या प्रमाणावर भिवंडीसारख्या यंत्रमाग केंद्रांकडे वळले.

गिरणी आणि यंत्रमाग कारखाना यांच्या रचनेत मूलभूत फरक आहे. गिरणीत सूतकताईपासून कापडाच्या प्रक्रियेपर्यंतची खाती एका छताखाली असत. यंत्रमाग व्यवसायात मात्र वार्पिंग, सायझिंग, विणकाम आणि रंगाई ही कामे वेगवेगळ्या मालकांच्या लहान कारखान्यांत विभागलेली असतात. त्यामुळे काम गिरण्यांतून यंत्रमागांकडे गेले, तरी कामगाराला शिकवण्याची जबाबदारी घेईल अशी मोठी आस्थापना येथे उभी राहिली नाही.

### गोदामे

मुंबई–नाशिक महामार्गाची सोय, जवाहरलाल नेहरू बंदराशी असलेला रस्त्याचा संपर्क आणि मुंबई महापालिकेच्या जकात हद्दीबाहेरील स्थान यांमुळे भिवंडी तालुक्यात गोदामे वाढली. माणकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा, वळ, दापोडे, पडघा इत्यादी गावांच्या परिसरात भाताच्या शेतांच्या जागी गोदामे उभी राहिली. अमेझॉन कंपनीने जून २०१३ मध्ये भारतात विक्रीसेवा सुरू केली, तेव्हा तिचे देशातील पहिले वितरण केंद्र भिवंडीजवळ होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. प्रत्येक राज्यात स्वतंत्र लहान गोदाम ठेवण्याचे करविषयक कारण उरले नाही. कंपन्या कमी संख्येने पण मोठी गोदामे उभारू लागल्या आणि या गोदामांत संगणकीय व्यवस्थापन अपरिहार्य ठरले.

## मागावरील पारंपरिक शिक्षण

यंत्रमागावर येणारा नवा कामगार बहुधा गावातील किंवा नात्यातील माणसाच्या ओळखीने येतो. सुरुवातीला तो कांड्या भरणे, कापड उचलणे, साफसफाई अशी कामे करतो. पुढे अनुभवी विणकराच्या हाताखाली तो धोट्यातील कांडी बदलणे, तुटलेला उभा धागा शोधून योग्य वहीतून व फणीतून ओवणे, विणकरी गाठ मारणे आणि थांबलेला माग कापडावर पट्टी न उमटू देता पुन्हा सुरू करणे हे शिकतो. मागाची दुरुस्ती व जुळणी करणारा कारागीर ‘जॉबर’ म्हणून ओळखला जातो. त्याचे ज्ञान विणकराहूनही अधिक अनुभवाधारित असते. मागाच्या आवाजातील बदलावरून बिघाडाचा अंदाज घेणे हा त्याचाच भाग होय.

या पद्धतीने तयार झालेला विणकर एका वेळी अनेक साधे माग सांभाळतो. तरीही त्याच्या कौशल्याची कोठेही लेखी नोंद नसते. याच व्यवसायसाखळीतील सायझिंग कारखान्यात बाष्पक चालवणाऱ्या परिचराला कायद्याने सक्षमतेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. विणकराच्या बाबतीत अशी अट नाही. परिणामी दहा वर्षे माग चालवलेला कामगार दुसऱ्या शहरात गेल्यास त्याला पुन्हा ओळखीच्या माणसाच्या शब्दावरच काम मिळते.

नोंद नसलेल्या कौशल्याचा प्रश्न २०२० मध्ये कारखानदारांनाही जाणवला. कोविड-१९ च्या टाळेबंदीत भिवंडीतील असंख्य स्थलांतरित कामगार गावी परतले. मे २०२० च्या आरंभी भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरकडे श्रमिक विशेष गाडी रवाना झाली. कामगारांबरोबर मागावरील ज्ञानही शहराबाहेर गेले, कारण ते पुस्तिकेत, चित्रफितीत किंवा अभ्यासक्रमात साठवलेले नव्हते.

## संस्थात्मक प्रशिक्षण

मुंबईतील सॅस्मिरा (स्थापना १९५०) आणि बॉम्बे टेक्स्टाईल रिसर्च असोसिएशन (स्थापना १९५४) या संशोधन संस्था वस्त्रोद्योगासाठी चाचण्या, सल्ला व प्रशिक्षण देतात. केंद्रीय वस्त्र आयुक्त कार्यालय आणि अशा संशोधन संस्था यांच्यामार्फत देशातील यंत्रमाग केंद्रांत यंत्रमाग सेवा केंद्रे चालवली जातात. तेथे विणकर व जॉबर यांना प्रशिक्षण, तसेच सुताच्या व कापडाच्या चाचणीची सोय मिळते.

१ एप्रिल २०१७ रोजी केंद्र शासनाच्या ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजनेचा प्रारंभ भिवंडीत झाला. या योजनेत साध्या मागांचे जागेवरच अद्ययावतीकरण, सूत बँक, सामूहिक सुविधा केंद्र, सौर ऊर्जा इत्यादी घटक होते. अद्ययावतीकरणात धागा तुटताच माग आपोआप थांबवणारी यंत्रणा बसवली जाते. त्यामुळे विणकराचे लक्ष धागा तुटल्याचे हेरण्याकडून दोष लवकर दुरुस्त करण्याकडे वळते, म्हणजेच शिकण्याचा विषयही काही प्रमाणात बदलतो.

डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झालेल्या ‘समर्थ’ योजनेत वस्त्रोद्योगातील १० लाख व्यक्तींना प्रशिक्षित करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. संघटित क्षेत्रातील सूतकताई व विणकाम या योजनेतून वगळले होते. प्रशिक्षण केंद्रांवर आधार क्रमांकावर आधारित बायोमेट्रिक हजेरी, सीसीटीव्ही चित्रण आणि मोबाइल अ‍ॅपवरील माहिती व्यवस्था या तरतुदी तिच्यात होत्या. येथे तंत्रज्ञानाचा प्रथम उपयोग शिकवण्यासाठी नसून प्रशिक्षण खरोखर झाले की नाही याची पडताळणी करण्यासाठी केला गेला.

शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ आणि त्याला पूरक अशी २०१६ ची राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना यांचा लाभ प्रामुख्याने नोंदणीकृत आस्थापनांतील उमेदवारांना होतो. नोंदी नसलेल्या किंवा अल्प कामगारसंख्येच्या यंत्रमाग कारखान्यांपर्यंत ही व्यवस्था क्वचितच पोहोचते.

## नवे तंत्रज्ञान

### कामातच मिळणारे मार्गदर्शन

मोठ्या गोदामात माल उतरवणे, तपासणे, मांडणीवर ठेवणे, मागणीनुसार वेचणे, बांधणे आणि रवाना करणे ही कामे गोदाम व्यवस्थापन प्रणालीच्या आधारे चालतात. कामगाराच्या हातातील स्कॅनर त्याला कोणत्या रांगेतील कोणत्या कप्प्यातून किती वस्तू उचलायच्या ते दाखवतो. चुकीची वस्तू उचलल्यास स्कॅनर पुढची पायरी उघडत नाही. अशा रीतीने प्रत्येक कृतीबरोबर सूचना आणि तपासणी होत असल्याने नवा कामगार थोड्या दिवसांत काम करू लागतो. दिवाळीपूर्वीच्या हंगामात तात्पुरते मनुष्यबळ घेणाऱ्या गोदामांना ही पद्धत विशेष सोयीची ठरते.

याच तत्त्वाचे पुढील रूप म्हणजे कप्प्यावरील दिव्याने जागा दाखवणारी प्रणाली, कानातील यंत्रातून तोंडी सूचना देणारी प्रणाली आणि संवर्धित वास्तवाचे चष्मे. डीएचएल कंपनीने नेदरलँड्समधील एका गोदामात स्मार्ट चष्म्यांची चाचणी घेतली. वस्तू वेचण्याची कार्यक्षमता २५ टक्क्यांनी वाढल्याचे कंपनीने २०१५ मध्ये जाहीर केले.

### लहान धडे

तीन ते पाच मिनिटांच्या चित्रफिती, चित्रे व लगेच विचारलेले दोन-तीन प्रश्न अशा स्वरूपाच्या शिक्षणाला लघुशिक्षण किंवा मायक्रोलर्निंग म्हणतात. त्याचा आधार स्मरणशक्तीविषयीच्या जुन्या संशोधनात आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवले की, शिकलेली गोष्ट सुरुवातीला वेगाने विसरली जाते आणि अंतराअंतराने केलेल्या उजळणीमुळे ती टिकते. म्हणून आठ तासांच्या एका व्याख्यानापेक्षा काही आठवड्यांत विभागलेले लहान धडे अधिक उपयुक्त ठरू शकतात.

हे धडे मोबाइल अ‍ॅपवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपसारख्या संदेशसेवेतून पाठवता येतात. यंत्रावर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन केल्यावर त्याच यंत्राच्या देखभालीची चित्रफीत उघडणे, ही तुलनेने स्वस्त आणि लहान कारखान्यालाही परवडणारी पद्धत आहे. मोठ्या कंपन्या धडे व निकाल यांची नोंद शिक्षण व्यवस्थापन प्रणालीत ठेवतात. वेगवेगळ्या प्रणालींत अशा नोंदी वाचता याव्यात यासाठी स्कॉर्म आणि एक्सएपीआय ही मानके वापरली जातात.

### सिम्युलेटर व आभासी वास्तव

धोक्याचे काम धोक्याशिवाय शिकवण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस वैमानिकांसाठी जमिनीवरील सराव यंत्र तयार केले होते. आभासी वास्तवाच्या संचामुळे अशा सरावाचा खर्च कमी झाला आणि तो इतर व्यवसायांपर्यंत आला. वॉलमार्टने २०१७ मध्ये कर्मचारी प्रशिक्षणासाठी हे तंत्र स्वीकारले आणि पुढील वर्षी सुमारे १७,००० संच आपल्या अमेरिकेतील दुकानांत पाठवण्याची घोषणा केली.

गोदाम व्यवसायात फोर्कलिफ्ट व रीच ट्रक चालवणे, उंच मांडणीवर माल ठेवणे आणि आगीच्या वेळी बाहेर पडणे हे या तंत्राचे मुख्य विषय आहेत. भिवंडी परिसरातील गोदामांना आगी लागण्याच्या घटना वारंवार घडल्या असल्याने शेवटचा विषय येथे महत्त्वाचा ठरतो. तथापि सिम्युलेटरवरील सराव हा प्रत्यक्ष इमारतीतील बाहेर पडण्याच्या मार्गांचा, अग्निशामक साधनांचा व नियमित कवायतीचा पर्याय होऊ शकत नाही.

### भाषा व कृत्रिम बुद्धिमत्ता

भिवंडीतील कामगारांत मराठी, उर्दू, हिंदी, भोजपुरी, तेलुगू, उडिया इत्यादी भाषा बोलल्या जातात. यंत्रांच्या पुस्तिका मात्र बहुधा इंग्रजीत असतात, तर अनेक अनुभवी कामगारांना कोणत्याही लिपीतील मजकूर सहज वाचता येत नाही. त्यामुळे बोललेला प्रश्न ओळखून बोलूनच उत्तर देणारी प्रणाली येथे वाचनावर आधारित अ‍ॅपपेक्षा अधिक उपयोगी ठरू शकते. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेला ‘भाषिणी’ हा उपक्रम भारतीय भाषांतील भाषांतर व वाणीतंत्र उपलब्ध करून देतो.

भाषिक प्रारूपांवर आधारित साहाय्यक पुस्तिकेतील माहिती सोप्या भाषेत सांगू शकतात, प्रश्नपत्रिका तयार करू शकतात आणि चित्रफितीला दुसऱ्या भाषेतील आवाज देऊ शकतात. त्यांच्या उत्तरांत आत्मविश्वासाने मांडलेली चूकही असू शकते. बाष्पक, रसायने किंवा चालू यंत्र यांविषयीच्या सूचना जाणकार व्यक्तीने तपासल्याशिवाय कामगाराला देणे धोक्याचे असते. शिवाय ‘वही’, ‘फणी’, ‘कांडी’ यांसारख्या शब्दांना यंत्रमाग व्यवसायात रोजच्या भाषेहून वेगळा अर्थ आहे. असे शब्द सामान्य भाषांतर प्रणालीकडून चुकण्याचा संभव असतो.

### अंकीय प्रमाणपत्रे

२०१३ च्या राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखड्याने कामांची पातळीनुसार वर्गवारी केली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वकौशल्याला मान्यता देण्याची तरतूद आहे. वर्गात न शिकता अनुभवाने आलेले कौशल्य तपासून त्याचे प्रमाणपत्र देणे, असे तिचे स्वरूप आहे. डिजिलॉकर (२०१५), असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी (२०२१) आणि स्किल इंडिया डिजिटल हे व्यासपीठ (२०२३) यांमुळे कामगाराची नोंद मालकाच्या कपाटात न राहता त्याच्याबरोबर दुसऱ्या गावी जाऊ शकते. ई-श्रम, राष्ट्रीय करिअर सेवा, असीम व उद्यम ही पोर्टले परस्परांशी जोडण्याची घोषणा २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात करण्यात आली.

स्थलांतरित विणकराच्या दृष्टीने ही सोय वर वर्णिलेल्या इतर साधनांपेक्षा अधिक मोलाची ठरू शकते. मात्र प्रमाणपत्र दाखवल्यावर अधिक मजुरी मिळत असेल, तरच ते घेण्यासाठी कामगार वेळ काढतो.

## यंत्रमाग कारखान्यातील अडचणी

साध्या मागावर मिनिटाला साधारणपणे दीडशेच्या आसपास आडवे धागे टाकले जातात, तर आधुनिक एअरजेट माग मिनिटाला ६०० हून अधिक धागे टाकू शकतो. रेपियर व एअरजेट मागांवर संगणकीय पडदा असतो आणि तो बिघाडाचा संकेतांक दाखवतो. अशा मागासाठी लागणारे प्रशिक्षण कान व हात यांच्यावर कमी आणि संकेत वाचून योग्य क्रमाने कृती करण्यावर अधिक अवलंबून असते. साध्या मागावरील निष्णात विणकर नव्या मागावर काही अंशी पुन्हा शिकाऊ ठरतो.

अंकीय धडे या कारखान्यांत आणताना पुढील अडचणी येतात :

* मजुरी : विणकराची मजुरी बहुधा विणलेल्या कापडाच्या मापावर ठरते. शिकण्यासाठी माग थांबवल्यास त्या वेळेची मजुरी बुडते. धडा विनामूल्य असला तरी कामगारासाठी तो विनामूल्य नसतो.
* पाळी : बारा तासांच्या पाळीनंतर मोबाइलवर धडा पाहण्याची अपेक्षा व्यवहार्य नसते.
* आवाज : धोट्याच्या मागांच्या कारखान्यात आवाजाची पातळी ९० डेसिबलच्या वर जाते. तेथे ध्वनिफीत ऐकू येत नाही आणि तोंडी प्रश्नही यंत्राला समजत नाही. त्यामुळे वाणीवर आधारित शिक्षण कारखान्याबाहेरच शक्य होते.
* मालकाचा हिशेब : शिकलेला कामगार शेजारच्या कारखान्यात जाऊ शकतो. म्हणून शिकवण्याचा खर्च एकट्या लहान मालकाला तोट्याचा वाटतो. सामूहिक केंद्र, मालकांची संघटना किंवा शासन यांनी हा खर्च वाटून घेणे हा यावरील एक उपाय होय.

## वाद व मर्यादा

गोदामातील प्रणालीमुळे काम शिकणे सोपे होते, परंतु कामगाराकडे पुढे नेता येईल असे ज्ञान कितपत जमा होते, हा स्वतंत्र प्रश्न आहे. मालाची मांडणी, मार्ग व क्रम ठरवणे ही बुद्धीची कामे प्रणाली करते. स्कॅनरच्या सूचना पाळण्यात निष्णात झालेला कामगार स्कॅनरविना तेच काम करू शकेलच असे नाही. दोन दिवसांत शिकता येणाऱ्या कामावरील माणूस दोन दिवसांत बदलताही येतो. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. साठा नियंत्रण, यंत्रदेखभाल किंवा पर्यवेक्षण अशा वरच्या पायऱ्यांचे शिक्षण उपलब्ध असल्यास तोच स्कॅनर पुढील शिक्षणाची पहिली पायरी ठरू शकतो.

दुसरा प्रश्न पाळतीचा आहे. प्रशिक्षणासाठी नोंदलेली माहिती, उदाहरणार्थ चुकांची संख्या किंवा एका वस्तूसाठी लागलेला वेळ, कामगाराची गती मोजण्यासाठी व त्याला कामावरून कमी करण्यासाठीही वापरली जाऊ शकते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ वैयक्तिक माहितीच्या वापरावर बंधने घालतो. त्याच वेळी नोकरीच्या प्रयोजनार्थ काही वापरांना संमतीविना मुभाही देतो.

कारखाने अधिनियम, १९४८ मधील कलम १११-अ नुसार कामगाराला आरोग्य व सुरक्षिततेविषयी माहिती आणि प्रशिक्षण मिळवण्याचा हक्क देण्यात आला होता. यंत्रशक्तीचा वापर होणाऱ्या जागेसाठी या अधिनियमात दहा कामगारांची मर्यादा होती. व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता, २०२० मध्ये ती वीस करण्यात आली. लहान कारखान्यांची संख्या अधिक असलेल्या भिवंडीसारख्या शहरात या मर्यादेचा परिणाम व्यापक होतो.

## मूल्यमापन

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत विकसित झालेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ पद्धतीत काम शिकवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : शिकणाऱ्याची तयारी करणे, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे आणि नंतर पाठपुरावा करणे. ही चौकट नव्या साधनांच्या तुलनेसाठीही उपयोगी पडते. चित्रफीत दुसरी पायरी उत्तम रीतीने पार पाडते. सिम्युलेटर तिसऱ्या पायरीला मदत करतो. लहान प्रश्नावली चौथ्या पायरीचा काही भाग सांभाळते. पहिली पायरी, म्हणजे कामगाराला शिकण्यासाठी वेळ, कारण व विश्वास देणे, ही कोणत्याही यंत्राने आपोआप पूर्ण होत नाही.

म्हणून भिवंडीतील प्रशिक्षणाच्या यशाचे मोजमाप वाटलेल्या उपकरणांच्या किंवा उघडलेल्या धड्यांच्या संख्येवरून करणे अपुरे ठरते. शिकण्याच्या वेळेची मजुरी मिळते का, धडा कामगाराच्या भाषेत आहे का, त्यानंतर अपघात व कापडातील दोष कमी होतात का आणि मिळालेले प्रमाणपत्र पुढच्या कारखान्यात मान्य होते का, हे त्याचे अधिक नेमके निकष होत.